पित्याच्या नांवाचा शोध

शास्त्रपाठ : एज्रा 2:59–63



बंदिवासांतून परतलेल्या कित्येकांस आपलें पितृकुल दाखवितां येईना. वंशावळींत नांव न सांपडल्यामुळें कांहींस याजकपणासही मुकावें लागलें. असा शोध आजही चालूं आहे. 1834 पासून सुमारें साडेचार लाख हिंदी मजूर करारानें मॉरिशस बेटांत गेले. त्यांत मराठी लोकही होते. त्यांच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत आहेत. त्यांत मजुराचें गांव व बापाचें नांव आढळतें. 1834 सालीं जो चाळिशीचा होता, त्याचा बाप अठराव्या शतकांतला! त्या एका नांवासाठीं वंशज समुद्र ओलांडून येतात.

असा पाहुणा उद्यां आपल्या वाशीम जिल्ह्यांत आला, तर तो शेताचा वाटा मागेल या भीतीनें दार लावूं नका. त्याला सांगा कीं, जुन्या कागदांत आपलें गांव ‘बाशीम’ आहे. तो जिल्हा 1905 सालीं मोडला व 1998 सालीं पुन्हा झाला. त्याला गांवांतील वडील माणसांकडे न्या.

आणि ज्यांच्या पणज्याचें नांव कोणत्याही वहींत नाहीं, त्यांनीं खिन्न होऊं नये. मनुष्याच्या वहीस कसर लागते; जीवनाच्या पुस्तकांत नांव कुळावरून नव्हे, कृपेनें लिहिलें जातें. आमेन.