तण कोणते?

लोणावळ्यास एका बंगल्यापुढे हरळीची हिरवळ पाहिली. मधेमधे उंच गवताचे पुंजके. मालक म्हणाले, “बुवा, कितीदा कापलं, तरी येतंच!” काडी बोटांत फिरवली, तिधारी लागली. लव्हाळाच तो! वरून कापून काय होणार? जमिनीतल्या गाठी पुन्हा फुटतात. ओल असताना गाठीसकट खणावा लागतो.

पण बंगल्यात जपलेली हरळी मावळचा शेतकरी खणून फेकतो, अन् गणपतीला तीच दूर्वा! म्हणजे तण जातीने नव्हे, जागेने ठरते. माझा चढा आवाज कीर्तनात शोभतो. घरी सुनेवर चढला की तण. मौन धरून पाहिले. ते नुसते वरचे कापणे. गाठ ‘माझंच खरं’ ही. सुनेच्या डोळ्यांत पाणी आले, त्या दिवशी ओल होती. तेव्हाच खणायला हवी होती.