कोसळलेली भिंत व सांधणारा दगड

(वाचन : प्रेषितांची कृत्ये ९:३६–४२, करिंथकरांस दुसरे पत्र ८:१–१५)



३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजण्यास काही मिनिटे उरली असता लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांतील भूमी हादरली. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून थकलेले लोक गाढ झोपेत होते. किल्लारी, सास्तूर, तळणी, मंगरूळ अशी गावे काही क्षणांत दगडमातीचे ढीग होऊन गेली. सुमारे १०,००० माणसे प्राणास मुकली, आणि ५२ गावे मूळ जागा सोडून नव्याने वसवावी लागली.

त्या वर्षी मी बारा वर्षांचा होतो. आमच्या मंडळीने रविवारच्या उपासनेनंतर धान्य व कपडे गोळा करावयाचे ठरविले. आईने माझा आखूड झालेला एक सदरा काढून दिला व गाठोड्यात बांधण्यास सांगितले. त्याची बटणे चकचकीत होती. ती मी हळूच कापून खिशात टाकली आणि सदरा गाठोड्यात घातला. आईच्या नजरेतून ते सुटले नाही. ती रागावली नाही, तिने गाठोडे सोडले, सदरा माझ्यापुढे धरला व एवढेच विचारले, “ज्या पोराला हा मिळेल, तो छाती कशानं झाकील रे?” मी बटणे मुकाट्याने तिच्या हातावर ठेवली. रात्री दिव्यापाशी बसून तिने ती एकेक करून पुन्हा शिवली, आणि सुईत दोरा ओवण्याचे काम मला दिले. पुढे पाठशाळेत हनन्या व सप्पीरा यांचा वृत्तान्त मी गुरुजनांपाशी शिकलो खरा. पण त्याचा अर्थ मला त्या पाच बटणांनी आधीच शिकविला होता.

आपण सर्वच केव्हा ना केव्हा बटणे कापून दान देतो. जे आपणांस नको झाले ते देतो आणि त्यास दया म्हणतो. यापो येथील टबीथा, जिला दुर्कस असेही म्हणत, तिने असे केले नाही. ती मरण पावली तेव्हा गावातील विधवा पेत्राभोवती रडत उभ्या राहिल्या. त्यांनी तिची स्तुतिस्तोत्रे म्हटली नाहीत. तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे पुढे करून दाखविली. ती वस्त्रे अंगाला येत होती, म्हणूनच ती साक्ष देण्यास उभी राहिली. आपल्या दानाची साक्षही घेणाऱ्याच्या अंगावर असते, देणाऱ्याच्या जमाखर्चाच्या वहीत नसते.

आता त्या पडलेल्या भिंतींकडे पाहू. किल्लारीच्या परिसरातील घरे माळवदाची होती. वर लाकडावर मातीचा जाड थर, आणि खाली दगडांच्या रुंद भिंती. बाहेरून भिंत एकच व बळकट दिसे; परंतु आत तिची दोन तोंडे निरनिराळी रचलेली असत व मध्ये दगडगोट्यांचा आणि मातीचा भराव असे. दोन्ही तोंडांना आरपार सांधणारा लांब दगड बहुधा घातलेला नसे. जमीन हलताच एक तोंड बाहेर पडले, दुसरे आत पडले, आणि वरची माती निजलेल्या माणसांवर आली.

प्रियहो, आपली कितीएक गावे व कितीएक मंडळ्या अशाच बांधलेल्या आहेत. एका तोंडास पुरुष, दुसऱ्या तोंडास स्त्रिया. बाहेरून एक, आतून दोन. पैशाचा हिशेब, सरकारी कागद, पंचांची बैठक ही एका बाजूस. पाणी, सरपण, लेकरे व आजारी माणसे ही दुसऱ्या बाजूस. सुखाचे दिवस आहेत तोवर ही भिंत उभी राहते. संकट आले की तिचे खरे रूप कळते. विधवा झालेल्या बाईस मदतीचा अर्ज वाचता येत नाही. जो वाचून दाखवितो त्याच्या मुठीत ती जाते. मुलींस व स्त्रियांस दिलेले शिक्षण हाच तो आरपार सांधणारा दगड होय.

ही गोष्ट त्या भूकंपानंतर प्रत्यक्ष पाहावयास मिळाली. ज्या गावांतील घरे तडकली होती पण पडली नव्हती, तेथे घरमालकांनीच ती दुरुस्त व बळकट करावयाची असे ठरले. हे काम हजाराहून अधिक गावांत पसरलेले होते. कोणास किती साहाय्य मिळणार, हप्ता केव्हा येणार, भिंतीत काय घालावयाचे, हे घरोघरी सांगणार कोण? तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांस ‘संवाद सहायक’ नेमण्यात आले. ज्या बायांनी गावच्या बैठकीत कधी तोंड उघडले नव्हते त्या अभियंत्यांस प्रश्न विचारू लागल्या, गवंड्यांच्या कामावर लक्ष ठेवू लागल्या. घरे सावरता सावरता त्या स्वतः शिकल्या. पुढे बचतगट उभे राहिले. आणि २००१ साली गुजरातेत कच्छची भूमी हादरली तेव्हा लातूर भागातील स्त्रिया तेथील बहिणींस धीर देण्यास व अनुभव सांगण्यास गेल्या. काल ज्यांनी हात पसरला होता त्यांनीच आज हात पुढे केला.

पौलाने करिंथच्या मंडळीस लिहिताना हेच मनात धरले होते. यरुशलेमेतील गरिबांसाठी तो वर्गणी गोळा करीत होता. मासेदोनियाच्या मंडळ्या स्वतः कंगाल असून त्यांनी शक्तीबाहेर दिले. एकास सुख व दुसऱ्यास भार व्हावा म्हणून हे मागत नाही, असे तो स्पष्ट सांगतो. आज तुमच्या विपुलतेने त्यांची उणीव भरावी आणि उद्या त्यांच्या विपुलतेने तुमची, अशी समानता त्याला हवी होती. तेव्हा दानाची कसोटी ही की, घेणारा मनुष्य एके दिवशी देणारा होऊन उभा राहतो किंवा नाही. जे दान घेणाऱ्यास सदा घेणाराच ठेवते ते अपुरे दान होय.

या संबंधात पंडिता रमाबाईंचे स्मरण होते. १८७४ च्या सुमारास दुष्काळात त्यांचे आईबाप भुकेने गेले. घर नव्हते, धन नव्हते, गाव नव्हता. राहिली ती केवळ आईने शिकविलेली विद्या. त्या विद्येच्याच बळावर १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्या अनाथ मुलीस ‘पंडिता’ म्हणून गौरविले. पुढे १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या व शेकडो उपाशी मुली व विधवा घेऊन आल्या. केडगाव येथे त्यांनी त्यांस केवळ अन्न घातले नाही. अक्षरे शिकविली, हातास धंदा दिला. रमाबाईंनी केलेले मराठी पवित्र शास्त्र १९२४ साली निघाले. त्याचे खिळे जुळविणारे हात तेथील मुलींचेच होते. भूक काय नेते आणि काय नेऊ शकत नाही हे रमाबाई स्वानुभवाने जाणत होत्या.

तर मग, बंधुभगिनींनो, आपण काय करावे? पहिले हे की, संकट घरात आले असता मुलीची शाळा प्रथम सोडवू नये. धाकट्या भावंडांस कोण सांभाळील, असे म्हणून आपण तिची पाटी खाली ठेवितो, आणि ती पुन्हा वर उचलली जात नाही. अशा घरी मंडळीच्या बायांनी पाळीपाळीने जाऊन भावंडे सांभाळावी. ही मदत पैशाची नाही, परंतु पैशाहून मोठी आहे.

दुसरे हे की, पहिल्या महिन्यात सर्वच देतात, तिसऱ्या वर्षी कोणी देत नाही. मुलगी तर वर्षानुवर्षे शिकते. म्हणून हंगामी वर्गणीबरोबर दर रविवारी थोडे बाजूस काढावे आणि एका तरी मुलीची पुस्तके, फी व वसतिगृहाचा खर्च तिचे शिक्षण पुरे होईपर्यंत चालवावा. ती आपल्या मंडळीची आहे की नाही, कोणत्या जातीची वा धर्माची आहे, हे विचारू नये. तिला मंडळीपुढे उभी करून तिच्या गरिबीचे प्रदर्शनही करू नये.

तिसरे हे की, दानाचा विनियोग ठरविणाऱ्या पंचांत स्त्रियांस बसवावे व त्यांचे मत मोजावे. दुर्कशीस वस्त्रे शिवावयास लावून हिशेब मात्र आपण ठेवू, असे म्हणणाऱ्या मंडळीची भिंत दोन तोंडांचीच राहील.

माझी आई आता नाही. तो सदरा कोणाच्या अंगावर गेला हे मला कधीच कळणार नाही. परंतु येत्या रविवारी दानपेटीत हात घालण्यापूर्वी आपण प्रत्येकाने आपला खिसा चाचपून पाहावा. त्यात कापून ठेवलेली बटणे असतील. ती शिवण्यास अजून वेळ आहे.

हे प्रभो, पडलेली घरे उभी करणाऱ्या देवा, आमचे दान संपूर्ण कर, आमच्या मुलींच्या हातची पाटी खाली पडू देऊ नको, आणि आम्हां सर्वांस एका भिंतीत सांध. आमेन.