सेवाव्रतींचा खरा सन्मान

श्रीमद्भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी ‘लोकसंग्रह’ हा थोर शब्द योजिला आहे. ज्याला स्वतःसाठी मिळवावयाचे काही उरले नाही, त्यानेही लोकहितार्थ कर्म करीत राहावे, असा त्याचा आशय आहे. गावोगावी असे सेवाव्रती आढळतात. कोणी पाणवठा बांधतो, कोणी शाळेसाठी झिजतो, कोणी मंदिराची वाट नित्य झाडतो. समाज शाल-श्रीफळ देऊन त्यांचा गौरव करतो. हे उचितच होय. परंतु एवढ्याने त्यांचे ऋण फिटते काय?

या प्रश्नाचे उत्तर श्री संत गाडगे महाराजांच्या चरित्रात मिळते. दि. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे त्यांचा जन्म झाला. मूळ नाव डेबूजी. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती खराटा आणि मातीचे गाडगे, एवढाच त्यांचा संसार. गावात पाऊल ठेवताच ते रस्ते व गटारे झाडावयास लागत. दिवसभर गाव झाडावे आणि रात्री कीर्तनातून मनांतील अज्ञान, व्यसन व अस्पृश्यता झाडावी, असा त्यांचा नित्यक्रम होता. कोणी पाया पडू लागल्यास त्यांना ते मुळीच रुचत नसे.

लोकांनी श्रद्धेने दिलेल्या द्रव्यातून त्यांनी पंढरपूर, देहू, आळंदी, नाशिक आदी क्षेत्री धर्मशाळा उभारल्या. त्यांपैकी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. इतके उभारूनही त्यांनी स्वतःसाठी काही राखले नाही. दि. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर त्यांनी देह ठेवला.

अशा पुरुषास हार घालावा तरी कोठे? ज्याने नमस्कारही नाकारला, त्याचा सन्मान त्याच्या हातातील खराटा उचलण्यानेच होतो. सन २००० मध्ये महाराष्ट्र शासनाने ग्रामस्वच्छता अभियानास त्यांचे नाव दिले आणि अनेक गावांतील ग्रामस्थ खराटे घेऊन रस्त्यावर उतरले. ते दृश्य कोणत्याही पुतळ्याहून थोर पूजन होते.

यात्रा आटोपून भाविक आपल्या गावी परततो. तेथेही एखादा वृद्ध सेवाव्रती असतोच. त्याचे हात आता थकलेले असतात आणि आपल्यामागे हे कार्य कोण चालवील, ही चिंता त्याच्या मनात असते. सत्कारसमारंभ होतो, भाषणे होतात, मंडप उतरतो. ती चिंता मात्र तशीच राहते. म्हणून त्याच्या हयातीतच त्याच्याजवळ जाऊन बसावे, कामाची रीत समजून घ्यावी आणि त्यातील एखादा भार आपल्या खांद्यावर घ्यावा. त्याच्या मुखावर तेव्हा जे समाधान उमटेल, तोच खरा सत्कार.

ज्या धर्मशाळेत यात्रेकरू विसावतो, तीही कोणाच्या तरी आयुष्यभराच्या कष्टाची ठेव असते. निघण्यापूर्वी आपली जागा स्वच्छ झाडून ठेवावी. तो लहानसा झाडू भगवंताच्या चरणी रुजू होतो.

॥ शुभं भवतु ॥