धुराड्याच्या पलीकडे

चूल हा संशोधनाचा विषय आहे, असं वर्ध्याच्या मगनवाडीतल्या माणसांना ज्या काळात वाटलं, त्या काळात ते फार थोड्यांना वाटत होतं. १९३४मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते. संघाच्या मगनवाडीतल्या कामात तेलघाणी, हातकागद, मधमाश्या यांच्या जोडीनं स्वयंपाकघरातल्या जाळाचाही विचार झाला. १९४७च्या सुमारास ‘मगनचूल’ पुढे आली. जाळ मातीत बंदिस्त करायचा, त्याच जाळावर एकामागे एक भांडी चढवायची आणि उरलेला धूर धुराड्यातून छपराबाहेर सोडायचा, अशी तिची रचना. बाईचे डोळे वाचावेत आणि जळतन वाचावं, हा हेतू. १९५३मध्ये हैदराबादच्या एस. पी. राजूंनी आपल्या निर्धूर चुलीवर पुस्तिका काढली, तीही याच वाटेनं जाणारी.

धूर म्हणजे त्रास, इथवर विचार आला होता. तो त्रास किती, हे मात्र फारसं कोणी मोजलेलं नव्हतं.

ते काम अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञ कर्क स्मिथ यांनी हाती घेतलं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी अहमदाबादच्या संशोधकांबरोबर गुजरातच्या खेड्यांत चुलीपुढे बसलेल्या बायकांच्या अंगावर हवा ओढणारी छोटी यंत्रं बांधली. स्वयंपाकाच्या वेळी त्यांच्या श्वासाच्या हवेत घनमीटरमागे सरासरी ७ मिलिग्रॅमच्या आसपास कण सापडले. १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी आपलं आजचं २४ तासांचं मानक १०० मायक्रोग्रॅम आहे. दोन्ही मोजमापांची जात वेगळी असली, तरी अंतर केवढं आहे ते दिसतं. त्याआधी हवेचं प्रदूषण म्हटलं की गिरण्या, मोटारी आणि शहरंच डोळ्यांपुढे येत. या आकड्यांनी ती समजूत मोडली, आणि मला हे विसाव्या शतकातल्या मोठ्या शोधांपैकी एक वाटतं.

१९८३पासून सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालला आणि जवळजवळ वीस वर्षांनी बंद पडला. कोट्यवधी चुली बसल्या. त्यांतल्या पुष्कळ तडकल्या, पुष्कळांची धुराडी काजळीनं बुजली. वर्ध्याकडच्या घरात पाहिलं तर आणखी एक कारण कळतं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, भडभडा पेटते आणि लगेच विझते, म्हणून जाळ सतत सारावा लागतो. ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरवून चुलीच्या तोंडाशी विस्तवाला लावायची असते, तेव्हा कुठे ती फुगते. चुलीचं तोंड लहान केलं की भाकरीची पंचाईत होते. चूल आखणाऱ्यांनी हे आधी राबणाऱ्या बाईला विचारायला हवं होतं.

पण खरी अडचण धुराड्यातच होती. त्यातून निघालेला धूर जातो कुठे? हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते. मग धूर वर चढत नाही, घरांच्या वळचणीशी पसरून राहतो आणि शेजारच्या दारातून आत येतो. स्मिथ यांच्या गटानं ग्वाटेमालात धुराड्याच्या चुलींची शास्त्रीय चाचणी घेतली. निष्कर्ष २०११मध्ये आले. बाळांच्या वाट्याचा धूर सुमारे निम्मा झाला होता, तरी एकूण न्यूमोनिया ठामपणे म्हणता येईल इतका घटला नव्हता; गंभीर न्यूमोनिया मात्र कमी झाला होता.

आणि धूर वळचणीशीही थांबत नाही. अर्धवट जळणाऱ्या काडीतून कार्बन मोनॉक्साइड, मिथेन, बेन्झीन, फॉर्माल्डिहाइड आणि काजळी निघते. यातल्या वायूंवर उन्हात हवेतल्या हायड्रॉक्सिल मूलकांची प्रक्रिया होते. नायट्रोजनच्या ऑक्साइडांच्या साथीनं ओझोन आणि नवे बारीक कण तयार होतात. म्हणजे काही प्रदूषण चुलीत जन्मतच नाही, ते वाटेत घडतं. कार्बन मोनॉक्साइड मिथेनला संपवणारी ही मूलकं खर्ची घालतो, त्यामुळे मिथेनचं आयुष्यही वाढतं. २००५मध्ये आयआयटी मुंबईच्या चंद्रा वेंकटरामन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की भारतातल्या काजळीचा सर्वांत मोठा स्रोत घरगुती जैवइंधन आहे. मगनवाडीनं छपराबाहेर काढलेला धूर आता हवामानाच्या हिशेबात आला होता.

स्मिथही बदलले. लाकूड स्वच्छ जाळण्याच्या खटपटीत उमेदीची वर्षं दिल्यावर, गॅस आणि वीजच गरिबापर्यंत पोहोचवा, असं ते आयआयटी दिल्लीच्या अंबुज सागर यांच्याबरोबर २०१४मध्ये आग्रहानं मांडू लागले. २०१६मध्ये गरीब घरांना गॅसजोडणी देणारी उज्ज्वला योजना आली. २०२०मध्ये स्मिथ गेले.

सिलिंडर घरात आला, तरी पऱ्हाटी शेतात फुकट उभी असते. सिलिंडर पुन्हा भरायला लागणारे पैसे हाती नसले की बाई चुलीकडे वळते, आणि त्यात तिचा अडाणीपणा नाही, घरखर्चाचा हिशेब आहे. २०१९च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात नागपूर, अमरावती, चंद्रपूर ही वर्ध्याभोवतीची शहरं आहेत. वर्धा नाही, खेडी तर नाहीतच. त्या कार्यक्रमाच्या पैशाचा मोठा भाग रस्त्यांवरची धूळ आवरण्यात जातो. त्यातला काही वाटा वर्धा जिल्ह्यातल्या सेलू-आर्वीकडच्या खेड्यांतले सिलिंडर भरून देण्यावर खर्च करावा, शहरांच्या हवेसाठीसुद्धा; खेड्यातला धूर वेशीशी थांबत नाही.