आई चिपळूणला गेली आहे

खोटं बोलणं ही एक कला आहे आणि ती मला कधीच साधली नाही. यात माझ्या सद्गुणांचा भाग फारसा नाही. दोष माझ्या कानांचा आहे. खोटं बोलायला लागलो की माझे कान लाल होतात. हा शोध आमच्या अप्पांनी मी तिसरीत असताना लावला. गणितात मिळालेल्या ९ गुणांपुढे मी स्वहस्ते एक शून्य काढून त्यांची परिस्थिती सुधारली होती. अप्पांनी प्रगतिपुस्तकाकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहून म्हणाले, "खरे किती मिळाले ते आता कानांनाच विचारू." पुढचा तपशील कानांनाच ठाऊक.

अप्पा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. एकदा कंडक्टरनं चुकून दहा पैसे जास्त परत दिले, ते पोचते करायला अप्पा डेपोपर्यंत चालत गेले. वाटेत चपलेचा अंगठा तुटला, त्याला चार आणे पडले. सत्याची किंमत मोजावी लागते असं मोठी माणसं म्हणतात; आमच्या घरी ती पंचवीस पैसे अशी हिशेबाच्या वहीत लिहिलेली आहे.

अशा माणसाशी वयाच्या साठाव्या वर्षी मला रोज संध्याकाळी खोटं बोलावं लागेल, असं भविष्य कुणी वर्तवलं असतं तर मी त्या ज्योतिष्याचे कान तपासले असते.

सुरुवातीला आम्ही सगळं वयावर ढकललं. वय बिचारं काही बोलत नाही, त्यामुळे त्याच्यावर काहीही ढकलता येतं. दूधवाल्याचं बिल दोनदा दिलं गेलं, वय झालं. तीच गोष्ट जेवताना चारदा सांगितली, वय झालं. तसं म्हटलं तर आमच्या नात्यातली काही माणसं वयाच्या तिशीपासून तेच करत आली आहेत. पण एके दिवशी अप्पा कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेले आणि घरचा रस्ता विसरले. चाळीस वर्षं ज्या गल्लीत राहिले त्याच गल्लीच्या तोंडाशी उभे राहून, ही गल्ली कुठली, असं येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होते. तेव्हा आम्ही डॉक्टर गाठले.

डॉक्टर शहाणे होते. त्यांनी आधी रक्त तपासायला लावलं, थायरॉइड पाहिलं, बी-बारा पाहिलं, गोळ्यांची पिशवी उलटी करून पाहिली, ऐकू नीट येतं का, मन उदास असतं का, तेही विचारलं. विसरण्याला ही कारणंही असतात आणि त्यांतली काही दुरुस्त होतात. मग मेंदूचा फोटो झाला. आणि मग परीक्षा. ही तीस गुणांची प्रश्नपत्रिका १९७५ साली अमेरिकेत निघाली आणि तिची भावंडं आता जगभर चालतात. आपल्याकडे १९९० च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडजवळच्या खेड्यांत तिचा हिंदी अवतार तयार झाला, तोही शाळेत न गेलेल्या माणसांना जमेल असा. कारण आपलं म्हातारं माणूस अडतं ते स्मरणशक्तीमुळे की पाटीमुळे, हे आधी ठरवावं लागतं.

"आजोबा, आज तारीख काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुमच्याकडे कॅलेंडर नाही?" अप्पा म्हणाले.

"शंभरातून सात वजा करत जा."

"त्र्याण्णव, श्याऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट." अप्पा न अडखळता म्हणाले. मीही शेजारी बसून मनात करत होतो, मी श्याऐंशीनंतर अठ्ठ्याहत्तरला पोचलो होतो. परीक्षा कुणाची चालली आहे हे डॉक्टरांना कळू नये म्हणून मी खिडकीबाहेर पाहिलं.

"आता मघाशी दिलेले तीन शब्द सांगा."

अप्पा ताठ बसले. "मी कुणालाही शब्द दिला की विसरत नाही," ते म्हणाले, "पण तुम्ही मला कुठलाही शब्द दिलेला नाही."

शेवटी त्यांना घड्याळ काढायला सांगितलं. रेल्वेतला माणूस, घड्याळ म्हणजे त्यांचं दैवत. त्यांनी सुरेख वर्तुळ काढलं आणि बाराच्या बारा आकडे उजव्या अर्ध्या भागात दाटीवाटीनं बसवले. डावी बाजू रिकामी. सकाळच्या लोकलचा डबा आणि शेजारी मोकळं यार्ड असावं तसं दिसत होतं ते. त्या वेळी मात्र मला हसू आलं नाही.

या रोगाचं नाव ज्यांच्यावरून पडलं त्या आलोइस अल्झायमर यांनी १९०१ साली फ्रँकफुर्टच्या इस्पितळात एका बाईंना असेच प्रश्न विचारले होते. ऑगस्ट त्यांचं नाव, वय एक्कावन्न. तुमचं नाव काय? ऑगस्ट. नवऱ्याचं नाव? तेही त्यांनी ऑगस्टच सांगितलं. नवऱ्याचं नाव कार्ल होतं. हे वाचल्यावर मला वाटलं, बरं झालं हे डॉक्टर आमच्या आजीच्या वाट्याला आले नाहीत. नवऱ्याचं नाव विचारल्यावर तिनं पदर सावरून मान खाली घातली असती आणि डॉक्टरांनी शून्य गुण दिले असते.

असो. खरी गोष्ट पुढेच आहे.

आमची आई जाऊन सात वर्षं झाली. आजार वाढल्यावर अप्पा रोज तिन्हीसांजेला दारात येऊन उभे राहू लागले. "तुझी आई कुठं दिसत नाही ती?" उजेड कमी झाला की या आजारात घालमेल वाढते, असं डॉक्टर म्हणाले होते. पहिल्या दिवशी मी खरं ते सांगितलं. "अप्पा, आई गेली. सात वर्षं झाली."

अप्पा खाली बसले. त्यांच्या दृष्टीनं ती त्या क्षणी गेली होती. "मला कुणी कळवलं कसं नाही?" एवढंच ते म्हणत राहिले. रात्री जेवले नाहीत. सकाळी सगळं विसरले. पण संध्याकाळी पुन्हा दारात. मी पुन्हा खरं सांगितलं. ते पुन्हा विधुर झाले. माणसानं एका जन्मात किती वेळा विधुर व्हावं याला काही मर्यादा आहे की नाही?

चौथ्या दिवशी माझ्या तोंडातून सत्य बाहेर पडायच्या आत ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अप्पा, आई चिपळूणला गेल्यात बहिणीकडे. तुम्ही चहा घेता ना?"

"सांगून जायला काय झालं होतं तिला!" अप्पा म्हणाले आणि बशीत चहा ओतून घेऊन मजेत प्यायले.

रात्री मी हिला म्हणालो, "हे बरं नाही. ज्या माणसानं दहा पैशांसाठी चप्पल झिजवली त्याला आपण फसवायचं?"

"मग उद्यापासून तुम्ही खरं सांगा," ही म्हणाली, "आणि जेवायलाही तुम्हीच घाला."

वादात हरलेला नवरा ग्रंथांकडे वळतो. मी वळलो. इमॅन्युएल कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञांनी १७९७ साली लिहून ठेवलंय की, खुनी माणूस दाराशी येऊन तुमचा लपलेला मित्र कुठं आहे असं विचारू लागला तरी त्याच्याशीही खोटं बोलू नये. कांट अविवाहित होते. त्यांना हे परवडत होतं. उलट महाभारताच्या कर्णपर्वात कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट आहे. सदा सत्य बोलायचं त्याचं व्रत. दरोडेखोरांना भिऊन लपलेल्या माणसांची जागा त्यानं व्रताला जागून दरोडेखोरांना सांगितली. माणसं मेली, आणि कौशिक सरळ नरकात गेला. ही गोष्ट खुद्द श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो. तर मग धर्मराजाचं काय? अश्वत्थामा मेला एवढं मोठ्यानं आणि हत्ती हळूच म्हटल्याबरोबर त्याचा अधांतरी चालणारा रथ जमिनीला टेकला. एकाच ग्रंथात एक जण खरं बोलून नरकात जातो आणि दुसऱ्याचा खोटं बोलून रथ खाली येतो. माझ्याकडे रथ नाही, स्कूटर आहे, ती आधीपासूनच जमिनीवर चालते. तेव्हा मी कौशिकापेक्षा धर्मराज बरा असं ठरवलं आणि दुसऱ्या दिवसापासून आईला चिपळूणला पाठवू लागलो.

पण खोट्याचं एक असतं. एकदा पाहुणं म्हणून घरात घेतलं की ते स्वयंपाकघरापर्यंत येतं. अप्पांना बँकेत जाऊन पासबुक भरून आणायची हौस. एके दिवशी मला कंटाळा आला होता. म्हटलं, "आज बँक बंद आहे." पुढच्या आठवड्यातही बंद होती. मग फिरायला जायचं म्हणाले तर, डॉक्टरांनी नको सांगितलंय. एवढी बंद बँक आणि एवढे निष्ठुर डॉक्टर जगात नसतील. अप्पा खिडकीत मुकाट बसून राहू लागले, आणि मला जाणवलं की आई चिपळूणला गेली ते अप्पांचं दुःख वाचवण्यासाठी होतं, बँक बंद झाली ती माझे पाय वाचवण्यासाठी. दोन्ही खोटी दिसायला सख्खी बहिणी. पण एकीनं म्हाताऱ्याला चहा दिला आणि दुसरीनं त्याचं फिरणं घेतलं. तेव्हापासून मी एक साधी कसोटी ठेवली आहे. खोट्यानं ओझं कुणाचं कमी झालं, ते पाहायचं. माझं झालं असेल तर तो अपराध.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. आई कुठं आहे, हा प्रश्न अप्पा पत्ता लिहून घ्यायला विचारत नव्हते. अंधार पडत होता, घर ओळखीचं वाटत नव्हतं आणि ज्या माणसाच्या भरवशावर पन्नास वर्षं काढली ते माणूस दिसत नव्हतं. त्यांना भीती वाटत होती, एवढाच त्याचा अर्थ. आता आम्ही अंधार पडायच्या आतच सगळे दिवे लावतो. अप्पा दारात आले की मी म्हणतो, "आईची आठवण येतेय का हो? लग्नात पंगतीत काय झालं होतं ते सांगा ना." मग जिलब्यांचं ताट उपडं झाल्याची गोष्ट निघते. मी ती तीनशे वेळा ऐकली आहे. त्यांना ती रोज नवी असते. यात खरंही बोलावं लागत नाही आणि खोटंही. पण हे दर संध्याकाळी जमतंच असं नाही. नाही जमलं की मग चिपळूण आहेच.

आता घरातल्या सर्वांत मोठ्या खोट्याकडे येतो. अप्पा रात्री दोनला उठून ड्यूटीला जायचं म्हणून कपडे करतात. दाराला वरच्या बाजूला कडी बसवली, खिशात नाव-फोनची चिठ्ठी ठेवली, रात्री गॅस सिलिंडरवरून बंद करू लागलो, हे सगळं झालं. पण उठतं कोण? ही उठते. मी दोन वर्षं रोज सकाळी विचारत आलो, "झोप झाली ना?" ही म्हणायची, "हो. माझं काय, मी ठीक आहे." मी पेपर उघडायचो. एके दिवशी भाजी चिरताना विळीवर बसल्याबसल्याच तिला झोप लागली. बोट थोडक्यात वाचलं.

या रुग्णांच्या घरच्यांसाठी १९८१ साली अमेरिकेत एक पुस्तक निघालं, त्याचं नावच 'छत्तीस तासांचा दिवस' अशा अर्थाचं आहे. मी हिशेब केला. चोवीस तास हिचे. वरचे बारा माझे, आणि तेही हीच भरत होती. घरात सत्यासत्याचा निर्णय करण्यासाठी मी कांट आणि कौशिक चाळत बसलो होतो आणि रोज सकाळी चहाबरोबर जे खोटं बोललं जात होतं ते मला ऐकू आलं नव्हतं, कारण त्यानं ओझं माझं कमी होत होतं. हिचे कानही लाल होत नाहीत. बायकांना त्याची सवय आम्हीच लावली आहे.

आता एक रात्र माझी, एक हिची. धाकट्या भावाला, जो फोनवर "काही लागलं तर सांग" म्हणायचा, त्याला मी लागलं ते सांगितलं. तो महिन्यातून चार दिवस येतो. दर मंगळवारी दुपारी ही बाहेर पडते. कुठं जाते ते मी विचारत नाही. एकदा अप्पांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "चिपळूणला गेलीय."

औषधानं काही दिवस बरे जातात. गेलेलं परत येत नाही. अप्पांना माझं नाव आता आठवत नाही. कधी मी त्यांचा हेडक्लार्क असतो, कधी वाणी. मागच्या गुरुवारी संध्याकाळी दिवे गेले होते. अप्पा दारात येऊन उभे राहिले. मी मेणबत्ती घेऊन जवळ गेलो आणि म्हणालो, "अप्पा, आई चिपळूणला गेलीय. येईल उद्या."

अप्पांनी मेणबत्तीच्या उजेडात माझ्याकडे निरखून पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, थोडं बाजूला.

"कान लाल झालेत," ते म्हणाले.

मी काहीच बोललो नाही. त्यांनी हात पुढे केला. मी तिसरीतल्या सवयीनं मान मागे घेतली. पण त्यांनी कान नुसता दोन बोटांत धरला, जरासा चोळला आणि म्हणाले, "बरं, असू दे. चहा घेणार का?"