आलिबामा कोणाची?

'दार कॉम दी आलिबामा' या केपटाऊनच्या आफ्रिकान्स लोकगीतावर वाद निघाला की तो एकाच प्रश्नापाशी अडतो: गाण्यातली आलिबामा नेमकी कोणती? जहाज ओळखले की गाण्याचा उगम सापडला, असे दोन्ही पक्ष धरून चालतात. मला हे गृहीतच उथळ वाटते.

प्रसंग सर्वांना माहीत आहे. अमेरिकेतील यादवीत गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेची 'अलाबामा' ही युद्धनौका ५ ऑगस्ट १८६३ रोजी टेबल बेमध्ये आली आणि किनाऱ्यावर लोटलेल्या गर्दीच्या डोळ्यांदेखत तिने 'सी ब्राइड' हे उत्तरेचे व्यापारी जहाज पकडले. पहिल्या पक्षाच्या मते गाण्यातली आलिबामा हीच. पण गाण्याच्या उत्तरार्धात नवरीसाठी केलेली बोरूची शय्या येते. युद्धनौकेचा तिच्याशी काय संबंध? म्हणून दुसरा पक्ष सांगतो की ही आलिबामा म्हणजे लग्नाच्या शय्यांसाठी किनाऱ्यावरून बोरू वाहून आणणारी एक स्थानिक नाव होती.

हे मत मोहक आहे, आणि म्हणूनच ते कसोशीने तपासले पाहिजे. अशी नाव असेलही. पण केपच्या नावेला अमेरिकेतल्या एका राज्याचे नाव सुचावे कशावरून? १८६३ च्या त्या गाजलेल्या पाहुणीवरूनच, हे उत्तर सर्वांत सरळ आहे. म्हणजे युद्धनौका मागच्या दाराने परत आलीच. शिवाय गाण्यातले जहाज समुद्र ओलांडून येते. बोरूची नाव किनाऱ्याकिनाऱ्याने येणार. आणि दोन भागांत संगती हवीच, हा हट्ट तरी कुठला? गूमा ढोलाच्या तालावर म्हटल्या जाणाऱ्या केपच्या गाण्यांत एकमेकांशी संबंध नसलेली कडवी सर्रास शेजारी बसतात. जिथे सांधा नाही तिथे तो जुळवण्यासाठी हे मत एक नाव पैदा करते. त्याचे खरे आकर्षण मला वेगळे दिसते: गुलामगिरीच्या बाजूने लढणाऱ्या नौकेचा डाग त्याने पुसला जातो. गाणे निष्पाप ठरते.



माझा भर निमित्त आणि निर्मिती यांतील भेदावर आहे. नौका हे निमित्त. निर्मिती केपच्या मुक्त गुलामांची आणि त्यांच्या मुलाबाळांची. त्यांच्या घरची गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने आणि १८३८ मध्ये प्रत्यक्षात संपली होती. त्यांचे पूर्वज इंडोनेशियाच्या बेटांवरून आणि आपल्याकडच्या बंगाल, मलबार, कोरोमंडलहून विकून नेलेले होते. आफ्रिकान्सला १९२५ मध्ये सरकारी मान्यता मिळाली. त्याच्या कितीतरी आधी हे लोक ती भाषा घरात बोलत होते, मदरशांत अरबी लिपीत लिहीत होते. अबू बकर एफेंदी यांचा त्या लिपीतला आफ्रिकान्स धर्मग्रंथ १८७७ मध्ये इस्तंबूलला छापला गेला. अशा लोकांनी बंदरात दिसलेल्या नौकेचे नाव उचलले आणि लग्नाच्या कडव्याशेजारी बसवले. त्यासाठी त्यांना दक्षिणेचे समर्थक ठरवण्याचे कारण नाही, आणि त्यांची बाजू सावरायला बोरूच्या नावेचीही गरज नाही.

गीतसंग्रहांत या गाण्याखाली 'अलाबामा' आणि तिचे कॅप्टन सेम्स यांची माहिती येते. ती अवश्य यावी, पण टिपेच्या जागी. कर्त्याच्या जागी केपच्या मुक्त गुलामांचा आणि त्यांच्या मुलाबाळांचा उल्लेख छापावा.