न दिलेल्या शिक्षणाचे शुल्क कोणाचे?

माणसाच्या श्रद्धेची कसोटी मशिदीत लागते, तशीच ती बाजारात, कचेरीत आणि देण्याघेण्याच्या व्यवहारातही लागते. अल्लाहच्या हक्कात कसूर झाली तर तौबाचे दार उघडे आहे. परंतु माणसाचा हक्क बुडवला तर तो परत करावा लागतो किंवा त्या माणसाकडून माफ करून घ्यावा लागतो. ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तरीही काही देणी अशी असतात, की ती देणी आहेत हेच आपल्या ध्यानात येत नाही. विद्यार्थ्याने प्रवेश रद्द केल्यानंतर कॉलेजकडे उरलेले शुल्क हे त्यांपैकी एक होय.

वाचक बंधू-भगिनींनो, प्रवेशाच्या हंगामात आपल्या अनेक घरांत हा प्रश्न उभा राहतो. मुलाला एका कॉलेजात प्रवेश मिळतो. हाताशी आलेली जागा जाऊ नये म्हणून वडील भिशीची रक्कम उचलतात, आईच्या बांगड्या गहाण पडतात आणि वर्षाची फी भरली जाते. पुढच्या फेरीत दुसरीकडे अधिक चांगली किंवा घराजवळची जागा मिळते. कधी घरातला कमावता माणूस आजारी पडतो आणि शिक्षणच थांबवावे लागते. मग पालक कार्यालयात जातात, तेव्हा त्यांच्यापुढे त्यांनीच सही केलेला फॉर्म ठेवला जातो. त्यात बारीक अक्षरांत छापलेले असते की, एकदा भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही. बहुतेक पालक तेथून मुकाट्याने परततात. सही आपली होती, मग तक्रार कोणत्या तोंडाने करावी, असे त्यांना वाटते.

प्रथम देशाचा नियम काय आहे ते पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये काढलेल्या अधिसूचनेने परताव्याचे प्रमाण ठरवून दिले. प्रवेशाच्या जाहीर झालेल्या अंतिम तारखेच्या पंधरा किंवा अधिक दिवस आधी विद्यार्थ्याने कळवले तर संपूर्ण शुल्क परत द्यावे. त्यातून प्रक्रिया खर्चापोटी शुल्काच्या ५ टक्के, आणि तेही ५,००० रुपयांपर्यंतच, कापता येतात. अंतिम तारखेला पंधरा दिवसांहून कमी उरले असताना कळवल्यास ९० टक्के, तारखेनंतर पंधरा दिवसांत कळवल्यास ८० टक्के आणि सोळाव्या ते तिसाव्या दिवसापर्यंत ५० टक्के परतावा मिळतो. तीस दिवस उलटल्यावर काहीही मिळत नाही. म्हणजे ८०,००० रुपये भरलेल्या विद्यार्थ्याने अंतिम तारखेनंतर दहाव्या दिवशी अर्ज दिला तर ६४,००० रुपये त्याचे आहेत. विसाव्या दिवशी दिला तर ४०,०००. ही रक्कम लेखी अर्ज मिळाल्यापासून पंधरा दिवसांत द्यावयाची असते. मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवण्यास याच अधिसूचनेने मनाई केली आहे आणि चालू सत्राच्या किंवा वर्षाच्या पलीकडचे शुल्क आगाऊ घेऊ नये असेही सांगितले आहे.

पालकांनी हा नियम जरूर माहीत करून घ्यावा. तथापि, श्रद्धावंतासाठी प्रश्न येथे संपत नाही. नियमाने जे ठेवून घेता येते, ते सर्व हलाल आहे काय? आणि फॉर्मवरच्या सहीने ते हलाल होते काय?

पवित्र कुरआनने परस्परांची संपत्ती अन्यायाने खाण्यास मनाई केली आणि परस्परसंमतीने होणारा व्यापार त्यातून वगळला (सूरह निसा, आयत २९). फॉर्मवरची सही दाखवणारा याच संमतीचा आधार घेतो. परंतु दुसरा पर्याय नसताना, रांग मागे खोळंबली असताना, न वाचता केलेली सही आणि मनापासून दिलेली संमती यांत अंतर आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीनुसार मुस्लिमांनी आपल्या अटी पाळाव्यात; मात्र हरामला हलाल किंवा हलालला हराम करणारी अट त्यातून वगळलेली आहे. सहीमुळे अटीला वजन येते हे खरे. पण अन्यायाची अट सहीने न्यायाची होत नाही.

आता या व्यवहाराचे स्वरूप पाहू. इस्लामी फिकहच्या दृष्टीने शुल्क घेऊन शिकवणे हा इजारा, म्हणजे मोबदला देऊन सेवा घेण्याचा करार आहे. हनफी फुकहांच्या मते खरी अडचण उभी राहिली तर असा करार मोडता येतो. ‘हिदाया’ या प्रसिद्ध ग्रंथात याचे घरगुती उदाहरण आहे. एखाद्याने दुखरी दाढ काढण्यासाठी माणूस ठरवला आणि तेवढ्यात दुखणेच थांबले. किंवा वलीम्याच्या जेवणासाठी आचारी ठरवला आणि त्याआधीच पत्नीने खुला घेतला. अशा वेळी करार मोडतो. कारण न दुखणारी दाढ काढायला लावणे किंवा न होणारी मेजवानी शिजवून घेणे यात कोणाचेच हित नाही. इतर इमामांनी करार मोडण्याची मुभा याहून मर्यादित ठेवली आहे, हेही सांगितले पाहिजे. तरीही ज्याच्या घरी कमावणारा हात राहिला नाही, त्या विद्यार्थ्याची अडचण दाढेच्या दुखण्याहून लहान नाही.

येथे कोणी म्हणेल की, आगाऊ फी हा विसार समजावा. सौदा मोडणाऱ्याचा विसार बुडतो ही तर जुनी रीत आहे. फिकहमध्ये याला ‘उरबून’ म्हणतात. बहुसंख्य फुकहांनी विसार जप्त करणे अमान्य केले, कारण मोबदल्यात काहीही न देता दुसऱ्याचा पैसा राहतो. इमाम अहमद बिन हंबल (रह.) यांनी त्यास परवानगी दिली. हजरत उमर (रजि.) यांच्या काळात मक्केत कैदखान्यासाठी घर घेताना, सौदा मंजूर न झाल्यास मालकाला ठरावीक रक्कम मिळावी असे ठरले होते, हा त्यांचा आधार. १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीनेही मुदत निश्चित असेल तर विसार जायज मानला. परंतु सर्वांत सवलतीचे हे मत घेतले, तरी विसार म्हणजे किमतीचा एक लहान भाग होय. संपूर्ण वर्षाच्या फीला विसार म्हणणे म्हणजे अख्खे घर खाऊन त्याला उंबरठ्याचा मोबदला म्हणणे होय.

कॉलेजची बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. अंतिम तारखेनंतर रिकामी झालेली जागा पुष्कळदा वर्षभर रिकामीच राहते. एक विद्यार्थी कमी झाला म्हणून शिक्षकांचे पगार किंवा प्रयोगशाळेचा खर्च कमी होत नाही. शिवाय ज्याला ती जागा मिळू शकली असती, असा एक गरजू विद्यार्थी बाहेर राहिलेला असतो. म्हणून उशिराच्या माघारीवर कपात असणे अन्याय्य नाही. मात्र कपातीचे माप झालेल्या नुकसानीचे असावे. जागा दुसऱ्याने भरली आणि पहिल्याचे शुल्कही परत दिले नाही, तर एकाच बाकाची किंमत दोन घरांकडून घेतली गेली. मोजून घेताना पुरेपूर घेणारे आणि देताना कमी देणारे यांच्याविषयी सूरह मुतफ्फिफीनच्या आरंभीच कठोर इशारा आहे. तराजू आता धान्याचा राहिला नसेल. पण फीच्या पावतीलाही तो इशारा लागू आहे.

शिष्यवृत्ती आणि मदतीच्या पैशाचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण तेथे तिसऱ्याची अमानत असते. विद्यार्थी निघून गेल्यावरही त्याचे नाव पटावर ठेवून सरकारी शिष्यवृत्तीचा हप्ता उचलणे ही उघड खियानत आहे, मग ती संस्थेने करो वा विद्यार्थ्याने. कर्ज काढून भरलेली फी परत आली तर तिच्यावर पहिला हक्क कर्जदात्याचा. जकातीबाबत विशेष सावध राहावे. सूरह तौबाच्या ६०व्या आयतीत जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत. कॉलेजची इमारत त्यांत नाही. गरीब विद्यार्थ्याच्या शिक्षणासाठी दिलेली जकात जर न दिलेल्या शिक्षणापोटी कॉलेजच्या खात्यात राहिली, तर ती हकदाराच्या हातून सुटली. मदत विद्यार्थ्याच्या हाती देऊन त्याला मालक केले होते, की ट्रस्टने त्याच्या वतीने परस्पर फी भरली होती, यावर परताव्याचा हुकूम अवलंबून राहील. तो जाणकार आलिमांकडून समजून घ्यावा. पण ट्रस्टला न कळवता ती रक्कम दुसरीकडे वळवणे कोणत्याही बाजूने योग्य ठरणार नाही.

विद्यार्थ्यांनो, आता तुमच्या वाट्याचे कर्तव्य. जागा सोडण्याचा निर्णय ज्या दिवशी पक्का झाला, त्याच दिवशी लेखी कळवा आणि अर्जाची पोच घ्या. हा नुसता व्यवहाराचा सल्ला नाही. नियमात प्रत्येक पंधरवड्याला परतावा घटतो, तो तुमच्या उशिराने इतरांचे नुकसान वाढत जाते म्हणून. दोन ठिकाणच्या जागा अडवून ‘बघू पुढे’ म्हणत बसणे म्हणजे कोणा अनोळखी मुलामुलीची संधी मुठीत धरून ठेवणे. जास्त परतावा मिळावा म्हणून आजारपणाचा खोटा दाखला जोडणे तर खोटी साक्षच होय. संस्थेकडे न्याय मागणाऱ्याने आपले मापही भरून द्यावे.

शेवटी आपल्या समाजाच्या संस्थांकडे वळू. महाराष्ट्रात मुस्लिम विश्वस्तांनी चालवलेली अनेक शाळा-कॉलेजे आहेत आणि ती लोकांच्या देणग्यांवर उभी राहिली आहेत. तिसावा दिवस उलटला म्हणजे कायद्याचे बंधन संपते. विश्वस्ताची जबाबदारी मात्र तेथून पुढेही चालते. पश्चात्ताप पावलेल्या माणसाचा सौदा जो परत घेतो, त्याच्या चुका अल्लाह माफ करील, अशी शुभवार्ता हदीसमध्ये आहे. फिकहमध्ये याला ‘इकाला’ म्हणतात. ज्याचे वडील वारले, जो आजाराने घरी बसला, त्याच्या अर्जावर ‘नियमानुसार परतावा देय नाही’ असा शेरा मारण्यापूर्वी विश्वस्तांनी ही शुभवार्ता आठवावी. अडचणीतल्या ऋणकोला मुदत द्यावी आणि सोडून दिले तर अधिक चांगले, असे सूरह बकराच्या २८०व्या आयतीत सांगितले आहे. जो आपले देणे लागतो त्याच्याशी इतकी उदारता अपेक्षित असेल, तर ज्याचे आपण देणे लागतो त्याच्याशी किती असावी?

प्रत्येक संस्थेने परताव्याचा नियम सोप्या मराठीत आणि उर्दूत फॉर्मच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत छापावा, सही घेण्यापूर्वी तो वाचून दाखवावा आणि अडचणीतील कुटुंबांसाठी एक लहान निधी राखावा. शिक्षण देणारी संस्था विद्यार्थ्याला बाहेर पडतानाही काहीतरी शिकवत असते. त्याच्या हाती त्याचा हक्क ठेवला, तर तो न्याय शिकून बाहेर पडेल.

अल्लाह आपणा सर्वांना अमानती त्यांच्या हकदारांपर्यंत पोहोचवण्याची सद्बुद्धी देवो आणि आपली कमाई शुद्ध ठेवो. आमीन.